इंदूरच्या रानातली वारुळाची अळंबी: शोधण्यापासून रश्श्यापर्यंत

पाऊस लागला की इंदूरच्या आसपास जिथे ओल तिथे छत्र्या उगवतात. कॉलनीच्या बागेतल्या हिरवळीवर, उकिरड्यावर, कुजक्या ओंडक्यावर, शेणावर, सागाच्या पाल्यात. ‘यातल्या खायच्या कोणत्या?’ हा प्रश्न घेऊन नवख्याने रानात जाऊच नये. त्याचं उत्तर शिकण्यात वर्षं जातात आणि मधल्या काळात एक चूकही परवडत नाही. त्यापेक्षा एकच जात धरायची, ती कोवळी, उमललेली, जून अशा सगळ्या अवस्थांत ओळखायला शिकायची, आणि बाकीच्या कितीही देखण्या दिसल्या तरी जागच्या जागी सोडून यायच्या. आपल्यासाठी ती जात म्हणजे वारुळाची अळंबी. खाली जे सांगितलंय ते तिच्यापुरतंच आहे.

हीच का, तर तिचा जन्म वेगळा आहे. शास्त्रात हिला टर्मिटोमायसीस म्हणतात. वाळवीच्या काही जाती जमिनीखालच्या घरट्यात चक्क बुरशीची शेती करतात. खाल्लेलं लाकूड आणि पाचोळा विष्ठेतून टाकून त्याचे सच्छिद्र मळे रचतात. त्यावर ही बुरशी वाढते, लाकडातला पचायला कठीण भाग मोडून देते, आणि मग वाळवी तो मळा खाते. पावसाने माती खोलवर भिजली की मळ्यातून कोंब निघतो आणि टणक टोकाने माती फोडत वर येतो. मळा हातभर खोल असेल तर अळंबीचं मूळही हातभर लांब. हे मूळ म्हणजे ओळखीची मोठी खूण. वाळवीवाचून ही जगत नाही, म्हणून हिची व्यापारी लागवडही जमलेली नाही. मंडीत डबीत मिळणारं बटण मशरूम वेगळं.

गोव्यात हिच्यासाठी लोक भर पावसात रस्त्यावर गाड्या थांबवतात, विदर्भात सात्या म्हणून तिची वाट बघतात. इंदूरच्या मराठी घरांत मात्र ती फारशी शिजली नाही. धर्मशास्त्राने अळंबीला कांदा-लसणाच्या पंगतीत बसवलं आणि चातुर्मास येतो तो नेमका हिच्याच हंगामात. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठीही पुढे एक पद्धत दिली आहे. अळंबीच चालत नसेल तर प्रश्नच मिटला.

कधी आणि कुठे

आपल्याकडे जूनच्या उत्तरार्धात पाऊस येतो, पण पहिल्या सरींनी धावपळ करू नये. माती खोल भिजायला वेळ लागतो. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंतचा काळ हिचा. दोन-तीन दिवस झड लागून मग उघडीप पडली, दमट उकाडा वाढला, की त्यानंतरची पहाट बघावी. नागपंचमी ते पोळा एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं, पण आपल्या श्रावणाप्रमाणे. हिंदी शेजाऱ्यांचा सावन पंधरा दिवस आधी लागतो, म्हणून कोणी ‘सावन में निकलती है’ म्हणालं तर तारीख विचारून घ्यावी. वीज कडाडली की उगवते असंही गावोगाव म्हणतात. विजा, उकाडा आणि जोराचा पाऊस बरोबरच येतात, एवढाच मी त्याचा अर्थ घेते.

इंदूरच्या दक्षिणेला पठार संपून विंध्याचा उतार नर्मदेकडे जातो. सिमरोल, चोरल, महूच्या पुढे पाताळपाणी, जानापाव, मानपूर या पट्ट्यात सागाचं पानझडी रान आहे आणि वारुळंही आहेत. शहराला सर्वांत जवळ रालामंडळ, पण ते अभयारण्य आहे; तिथून काडीसुद्धा उचलायची नाही. बाकीचं रानही बहुतेक वनखात्याचं आहे, आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा हक्क आदिवासींचा व पिढ्यानपिढ्या रानावर जगणाऱ्यांचा आहे. तेव्हा आपल्यासारख्यांनी दोनच वाटा धराव्यात. ओळखीच्या शेतमालकाला विचारून त्याच्या पडीक रानात, बांधावर शोधावं. नाही तर वस्तीवरच्या जाणत्या माणसाबरोबर जावं, त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत आणि निघालेली अळंबी त्याच्याकडून विकत घ्यावी. पहिले एक-दोन हंगाम दुसरी वाटच बरी. भिल्ल-भिलाला वस्तीतल्या एखाद्या काकांना किंवा मावशींना कोणतं वारूळ दरवर्षी देतं हे पाठ असतं. घरटं शाबूत असेल तर अळंबी वर्षानुवर्षं त्याच जागी येते, त्यामुळे ती जागा कोणी लगेच दाखवेल अशी अपेक्षा ठेवू नये. दाखवली तर फोटो टाकून ती गावभर करू नये.

काही जागा आधीच वगळा. सोयाबीनच्या शेताला लागून असलेला बांध, कारण ऐन हंगामात तिथे तणनाशकं आणि कीटकनाशकं फवारली जातात. वाहत्या रस्त्याची कड. पीथमपूरसारख्या कारखान्यांच्या भागातली माती. अळंबी मातीतले जड धातू शोषून घेते आणि ते धुऊन-शिजवून जात नाहीत.

बरोबर काय न्यावं? वेताची टोपली किंवा कापडी झोला, पातळ पात्याचा चाकू, खुरपी, लांब काठी, वर्तमानपत्राचे तुकडे, आणि पायात घोट्याच्या वर येणारे बूट. प्लास्टिकची थैली नको, तासाभरात अळंबीला घाम फुटून ती चिकट होते. काठी शोभेची नाही. वारुळाच्या बिळांत नाग-घोणस राहतात, पावसाळ्यात तर जास्तच. गवत काठीने हलवून मगच वाकायचं आणि बिळात बोटं घालायची नाहीत. वारूळ फोडायचंही नाही. नागपंचमीला ज्याची पूजा करतो ते पोळ्याच्या आत उकरून ठेवणं शोभत नाहीच, शिवाय मळा मोडला की पुढच्या वर्षीची अळंबीही गेली.

ओळख: सगळ्या अटी पुऱ्या व्हायला हव्यात

पहिली गोष्ट जागा. वारुळावर, त्याच्या पायथ्याशी किंवा वाळवीच्या मातीतून ती आली पाहिजे. वाळवीच्या काही घरट्यांचा वर उंचवटा दिसत नाही, तेव्हा अळंबी सपाट जमिनीतून आल्यासारखी वाटते. नवख्याने ती सोडून दिसणाऱ्या वारुळाचीच घ्यावी. लाकडावर, शेणावर, हिरवळीवर उगवलेलं काहीही नको.

मग मूळ. इथे घाई करणारा फसतो. दांडा धरून ओढायचा नाही. खुरपीने बाजूची माती हळूहळू काढत खाली जायचं. वारुळाच्या अळंबीचा दांडा जमिनीखाली निमुळता होत जातो आणि सलग मुळासारखा खोल उतरतो. प्रत्येक अळंबीसाठी एवढं खणायची गरज नाही, पण एका घोळक्यातल्या एकीचं तरी मूळ डोळ्यांनी बघायचं, आणि बाकीच्यांचा तळही मातीसकट उघडा करून बघायचा. ओढून काढण्यात दुसरा, मोठा धोका असतो. अमानिटा वर्गातल्या विषारी छत्र्यांच्या तळाशी पांढरी पिशवी किंवा वाटी असते. दांडा ओढला की ती मातीत राहते, आणि जीव वाचवणारी खूणच हातातून जाते.

म्हणजे तिसरी अट: तळाशी पिशवी नको, फाटक्या पिशवीचे अवशेष नकोत. भाताच्या पेंढ्यावर पिकवतात त्या खाण्याच्या अळंबीलाही पिशवी असते, तरीही रानात पिशवी दिसली की विषय बंद.

चौथी, दांड्यावर कडं नको. टर्मिटोमायसीसच्या काही जातींना कडं असतं हे खरं आहे. चांगली अळंबी हातची गेली तरी चालेल, कड्याची घ्यायची नाही.

पाचवी टोपी. कोंब असताना ती टोकदार, गोळीबंद. उमलली की पसरते, कडा उभ्या फाटतात, पण मधोमध टणक टोक राहतंच. बोटाने दाबून बघा, बाकीच्या टोपीपेक्षा ते कठीण लागतं. रंग पांढऱ्यापासून करड्या-तपकिरीपर्यंत, टोकाशी गडद. पृष्ठभागावर सुटे तपकिरी खवले किंवा पांढरे ठिपके असले तर ती ही नव्हे.

सहावी, टोपीखालच्या पात्या. त्या दाट, पांढऱ्या, वय वाढेल तशा फिकट गुलाबी, आणि दांड्याला न चिकटलेल्या. टोपी उभी चिरली तर पात्या आणि दांडा यांच्यात बारीक फट दिसते. हिरवट झाक दिसली तर फेकून द्या.

या सहा खुणांतली एक जरी जुळली नाही तर अळंबी तिथेच ठेवायची. सहाही जुळल्या तर वरची माती चाकूने खरवडून, वर्तमानपत्रात गुंडाळून टोपलीत ठेवा. वेगवेगळ्या वारुळांच्या वेगळ्या पुड्या करा. पूर्ण उघडलेल्या, कडा काळवंडलेल्या, किडे लागलेल्या घेऊ नका. ही अळंबी सकाळी उमलते आणि संध्याकाळपर्यंत उतरते. वारुळाजवळच शेकड्याने उगवणाऱ्या नखाएवढ्या पांढऱ्या टोप्यांची एक जात याच कुळातली आणि खाण्याची आहे, पण तेवढ्याच लहान, पांढऱ्या, घातक छत्र्याही पुष्कळ आहेत. त्या सोडाव्यात.

सातवी अट घरी: ठसा

एक उमललेली टोपी दांड्यापासून कापा. अर्धा पांढरा, अर्धा काळा असा कागद घ्या, पात्या खाली करून टोपी मधोमध ठेवा आणि वर काचेचा वाडगा पालथा घाला. रात्रभर, निदान पाच-सहा तास तरी, हात लावायचा नाही. पात्यांतून गळलेल्या बीजाणूंचा रंग कागदावर उतरतो. वारुळाच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबी किंवा गुलाबीसर सायीच्या रंगाचा येतो. बाकीची अळंबी तोवर कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये. ठसा बघितल्याशिवाय पातेलं चुलीवर चढवायचं नाही.

ठसा का हवा ते तिच्या तोतयांवरून कळतं. इंदूरच्या बागांत आणि मैदानांवर पावसाळ्यात मोठमोठ्या पांढऱ्या, तपकिरी खवल्यांच्या छत्र्या गोलाकार उगवतात. ती क्लोरोफायलम मोलिब्डाइटीस. कोवळेपणी तिच्या पात्या पांढऱ्याच असतात, हिरवट रंग नंतर येतो. ठसा मात्र हिरवा. ही खाल्ली की एक ते तीन तासांत जबर उलट्या-जुलाब लागतात. अमानिटाचा ठसा पांढरा. एंटोलोमा नावाच्या वर्गात विषारी जाती आहेत आणि त्यांचा ठसा गुलाबीच येतो, पण त्यांच्या पात्या दांड्याला चिकटलेल्या असतात आणि खाली लांब मूळ नसतं. उलट जमिनीत पुरलेल्या लाकडावर उगवणारी हायमेनोपेलिस लांब मूळ घेऊन येते, ठसा पांढरा देते. गुलाबी ठसा एकटा पुरत नाही आणि मूळही एकटं पुरत नाही, दोन्ही लागतात.

आता स्वयंपाकघरातल्या परीक्षांबद्दल. चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, लसूण किंवा तांदूळ निळा-काळा झाला तर विषारी, गोगलगाईने खाल्ली असेल तर चांगली, मीठ-हळदीच्या पाण्यात उकळलं की विष उतरतं, वाळवलं की निघून जातं. यातलं एकही खरं नाही. अमानिटातल्या अमाटॉक्सिनवर उकळण्याचा, तळण्याचा, वाळवण्याचा, गोठवण्याचा काही परिणाम होत नाही. ते चांदी काळी करत नाही, चवीला वाईट लागत नाही, आणि गोगलगाई अशा छत्र्या आनंदाने खातात. मोबाइलवर फोटो काढून नाव सांगणारी ॲप फुलझाडांसाठी ठीक, पण फोटोत ना मूळ दिसतं ना ठसा. जाणत्या माणसाला दाखवावी आणि ‘असावी बहुतेक’ असं उत्तर मिळालं तर ते नकार समजावं.

साफ करणं

मुळाचा मातकट, चिवट भाग कापून टाका. दांडा चाकूने खरवडला की वरची साल निघते. टोपीवरची पातळ साल टोकाकडून ओढली तर पट्ट्यांनी सुटते. ती काढली की माती आपोआप जाते. मग टोपी पालथी धरून पात्यांत बारीक किडे आहेत का बघा. रुंद भांड्यात पाणी, चमचाभर मीठ, चिमूटभर हळद घालून त्यात पाचेक मिनिटं ठेवा. किडे वर येतात. हे पाणी किड्यांसाठी आहे, विषासाठी नाही. जास्त वेळ ठेवली तर अळंबी पाणी पिते आणि चव जाते. निथळून, तळहातांत हलकी दाबून, पंच्यावर पसरा. सुरीने कापण्यापेक्षा हाताने उभ्या चिरा फाडाव्यात, दांड्याला दोरे असतात ते छान सुटतात. कच्ची खायची नाही.

परतून

पहिल्यांदा हीच करा, कारण मसाल्याच्या आड न जाता अळंबीची स्वतःची चव कळते. पाव किलो साफ केलेली अळंबी, दोन चमचे तेल, मोहरी, आठ-दहा पाकळ्या ठेचलेला लसूण, दोन-तीन हिरव्या मिरच्या, एक कांदा उभा चिरून, हळद, मीठ. लोखंडी कढई चांगली तापवा. मोहरी तडतडली की लसूण-मिरची, मग कांदा. कांदा पारदर्शक झाला की अळंबी घालून आच मोठी ठेवा. दोन मिनिटांत भरपूर पाणी सुटेल. ते फेकू नका, आटू द्या. झाकण ठेवायचं नाही. पाणी आटून तेल दिसायला लागलं की मीठ घाला, आणखी पाच मिनिटं परता. एकूण पंधरा मिनिटं तरी शिजली पाहिजे. वरून कोथिंबीर, आणि चालत असेल तर थोडा ओला नारळ. खाली मक्याची किंवा ज्वारीची भाकरी.

रस्सा

दुसऱ्या खेपेला रस्सा. दोन कांदे उभे चिरून थोड्या तेलात लालसर भाजा, त्यातच अर्धी वाटी किसलेलं सुकं खोबरं खमंग करा. एक चमचा धने, अर्धा चमचा जिरे, एक चमचा खसखस, दोन लवंगा, चार-पाच मिरे कोरडे भाजून घ्या. सहा-सात पाकळ्या लसूण आणि बोटाच्या पेराएवढं आलं घालून सगळं पाण्याबरोबर गुळगुळीत वाटा. पातेल्यात तीन चमचे तेल, तमालपत्र, मग वाटण. तेल सुटेपर्यंत मंद आचेवर परतायला दहा मिनिटं लागतात आणि ती वाचवता येत नाहीत. हळद, लाल तिखट, पाव किलो अळंबी घालून पाच मिनिटं परता. दोन वाट्या गरम पाणी आणि मीठ घालून वीस मिनिटं उकळू द्या. टोमॅटो नको, आंबटाने अळंबीचा मातकट गोडवा दबतो. रश्श्यावर सेव टाकायचा इंदुरी मोहही आवरावा; सेव मिठासकट सगळा रस्सा पिऊन टाकते.

कांदा-लसूण वर्ज्य असेल तर खोबरं तेवढंच ठेवून खसखस दुप्पट, आलं दुप्पट करा, फोडणीत हिंग घाला आणि शेवटी दोन चमचे फेटलेलं दही आच बंद करून मिसळा. हा रस्सा पांढुरका होतो आणि भाताबरोबर जास्त चांगला लागतो.

पहिला घास आणि पुढचे दोन दिवस

पहिल्यांदा खाताना दोन-तीन घासच घ्यावेत, बाकीचा स्वयंपाक नेहमीचा. सगळ्यांनी एकाच दिवशी खाऊ नये. खात्रीची अळंबीही एखाद्याच्या पोटाला सोसत नाही. लहान मुलं, गरोदर बाई, म्हातारी माणसं आणि यकृताचा आजार असलेल्यांना रानातली अळंबी देऊच नये. त्या दिवशी दारू नको. आणि शिजवण्याआधी एक पूर्ण अळंबी, मुळासकट, कागदात गुंडाळून तारीख लिहून फ्रिजमध्ये ठेवावी, दोन-तीन दिवस. काही झालंच तर डॉक्टरला ती लागते.

काही झालं तर म्हणजे मळमळ, उलट्या, जुलाब, पोटात कळा, घाम, भ्रम यातलं काहीही. तीन तासांच्या आत झालं तर बहुधा पोटाला त्रास देणारी छत्री असते. सहा-बारा तासांनी किंवा त्याहून उशिरा सुरू झालं तर ते जास्त गंभीर. अमाटॉक्सिनचं वागणं असंच आहे: आधी काही तास शांतता, मग जोराचे जुलाब-उलट्या, मग एखाददुसरा दिवस माणूस बरा झाल्यासारखा वाटतो, आणि त्या काळात यकृत निकामी होत असतं. म्हणून ‘आता उतार पडलाय’ या कारणाने दवाखाना टाळायचा नाही. घरी मीठपाणी पाजून उलटी काढू नका, ताक-लिंबूचे प्रयोग नकोत. 108 ला फोन करा किंवा सरळ एमवायसारख्या, चोवीस तास अतिदक्षता विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात जा. फ्रिजमधली अळंबी, उरलेला रस्सा, काढलेला ठसा आणि रानातले फोटो बरोबर घ्या. किती वाजता खाल्लं आणि किती वाजता त्रास सुरू झाला, हे दोन आकडे डॉक्टरला आधी सांगा. बरोबर जेवलेल्यांना त्रास नसला तरी त्यांनाही नेऊन दाखवा.

उरली तर, मिळाली नाही तर

वाळवायचा विचार आपल्या पावसाळ्यात सोडून द्यावा. ऊन नसतं आणि बुरशीलाच बुरशी लागते. जास्त असेल तर चिरा उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकून, गार पाण्यात काढून, निथळून डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवा. वापरताना गोठलेलीच कढईत टाका, आधी वितळू दिली तर लिबलिबीत होते. शिजवलेला रस्सा फ्रिजमध्ये एक दिवस, त्याहून जास्त नाही.

बहुतेक खेपांना टोपली रिकामीच येईल. तेव्हा वरचा रस्सा ढिंगरी म्हणजे ऑयस्टर मशरूमचा करावा. तिचेही हाताने दोरे निघतात आणि बटणापेक्षा ती या वाटणात जास्त मुरते. फरक एवढाच, ढिंगरीला पाणी कमी सुटतं, म्हणून गरम पाणी अर्धी वाटी जास्त घाला आणि उकळायला बारा मिनिटं पुरतात. उन्हाळ्यात दूधिया अळंबी मिळाली तर तिचा जाड दांडा आधी लांब फाडून पाच मिनिटं वेगळा परता, मग टोप्या घाला. दोन्ही एकदम टाकले तर दांडा कच्चा राहतो.